काखेतल्या गाठींचं ऑपरेशन : कुठली पद्धत घ्यावी आणि काय तपासून घ्यावं

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की रुग्णालयात सगळं बोलणं स्तनाभोवती फिरतं. स्तन वाचेल की काढावा लागेल, व्रण कसा दिसेल, खोली कुठली हवी. काख मात्र खर्चाच्या अंदाजपत्रकात एका ओळीत उरकलेली असते. पुढे वर्षानुवर्षं हात जड वाटणं, बांगडी न चढणं, खांदा आखडणं हे जे मागे लागतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा काखेतच असतं. म्हणून हे परीक्षण फक्त काखेपुरतं आहे: गाठी शोधायच्या पद्धती, त्यासाठीची औषधं आणि यंत्रं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ड्रेन म्हणजे काखेत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी, आणि शेवटी सुजेसाठी हातावर घालायची दाबाची बाही, म्हणजे स्लीव्ह. आमचं मत आधीच सांगतो. जास्त गाठी काढल्या म्हणजे ऑपरेशन जास्त चांगलं झालं, असं मुळीच नाही. कमीत कमी गाठी काढून नेमकं उत्तर मिळवणारी टीम चांगली.

हाताची जखम चिघळली की काखेत अवधाण येतं, तेव्हा सुजतात त्याच या गाठी. स्तनातली बहुतेक लस (टोचायची नव्हे, शरीरातला पाण्यासारखा द्रव, लिम्फ) काखेत येते, त्यामुळे कर्करोगाच्या पेशी बाहेर पडल्या तर आधी इथे सापडण्याची शक्यता जास्त. छातीचा एक छोटा स्नायू, पेक्टोरॅलिस मायनर, ही सर्जनची खूण: त्याच्या बाहेरच्या गाठी पहिल्या पातळीच्या, मागच्या दुसऱ्या, आतल्या बाजूच्या तिसऱ्या. हाताची लसही याच काखेतून परतते. स्तनासाठी केलेल्या ऑपरेशनची किंमत हाताला मोजावी लागते ती यामुळे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो समुपदेशनात क्वचितच सांगितला जातो. काखेत हाताला गाठ लागत नसेल, तर तिथलं ऑपरेशन मुख्यतः माहितीसाठी असतं. अमेरिकेतल्या एनएसएबीपी बी-०४ या चाचणीत 1971 ते 1974 दरम्यान ज्यांच्या काखेत गाठ लागत नव्हती अशा स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटाची काख पूर्ण साफ केली, दुसऱ्याला रेडिएशन दिलं, तिसऱ्याची काख तशीच सोडली. साफ केलेल्या गटात सुमारे 40 टक्के स्त्रियांच्या गाठींत कर्करोग सापडला, म्हणजे उरलेल्या दोन गटांतही साधारण तेवढाच असणार. तरी 25 वर्षांनी पाहिलं तेव्हा तिन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. काख न छेडलेल्यांपैकी पाचातल्या एकीपेक्षाही कमी जणींना पुढे तिथे गाठ आली, आणि ती तेव्हा काढता आली. ‘सगळ्या गाठी काढून टाका म्हणजे निर्धास्त’ हा घरच्यांचा आग्रह प्रेमापोटीच असतो, पण त्याला आधार नाही.

सेंटिनेल नोड बायोप्सी

स्तनातली लस काखेत ज्या पहिल्या एक-दोन गाठींत उतरते, त्या सेंटिनेल. त्या स्वच्छ असतील तर पुढच्या स्वच्छ असण्याची शक्यता खूप मोठी. अमेरिकेत 1993 मध्ये किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि 1994 मध्ये निळं औषध वापरून स्तनाच्या कर्करोगात याची सुरुवात झाली. पुढे बी-३२ या चाचणीत 5,611 स्त्रियांवर ही पद्धत तपासली गेली. गाठीत आजार असूनही सेंटिनेल स्वच्छ निघण्याचं प्रमाण 9.8 टक्के आलं, पण नुसती सेंटिनेल काढलेल्या आणि पूर्ण काख साफ केलेल्या गटांच्या जगण्यात फरक पडला नाही.

ही गाठ शोधायला काय वापरतात, यावर रुग्णालयारुग्णालयांत बराच फरक दिसतो.

आपल्याकडे सर्वाधिक चालतं ते मिथिलीन ब्लू. स्वस्त आहे, सहज मिळतं, यंत्र लागत नाही. भूल दिल्यावर स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाखाली काही मिलिलिटर टोचतात, सुमारे पाच मिनिटं काखेच्या दिशेने चोळतात आणि मग काखेत छेद घेतात. निळी पडलेली बारीक लसवाहिनी सापडली की तिच्या मागोमाग निळ्या गाठीपर्यंत जायचं. चुका इथेच होतात. औषध पातळ न करता अगदी कातडीत टोचलं तर तिथली त्वचा कडक होते, कधी मरते. फार वेळ घालवला तर निळा रंग पुढच्या गाठींतही सरकतो आणि गरजेपेक्षा जास्त गाठी निघतात. टोचल्यावर बोटाला लावलेला ऑक्सिजनचा आकडा थोडा वेळ खोटाच खाली येतो, आणि एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते. हे घरच्यांना आधी सांगून ठेवायला हवं. त्याहून महत्त्वाचं: रुग्ण नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन अशा गोळ्या घेत असेल, किंवा तिला जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल, तर भूलतज्ज्ञांना ते आधी कळलंच पाहिजे. मिथिलीन ब्लू अशा वेळी घातक ठरू शकतं. गरोदरपणातही ते वापरत नाहीत. पेटंट ब्लू आणि आयसोसल्फान ब्लू त्वचेला सौम्य, पण त्यांची तीव्र ॲलर्जी क्वचित का होईना येते, तीही भुलेत असताना.

किरणोत्सारी टेक्नेशियम हा दुसरा मार्ग. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टोचतात. त्याची तीव्रता दर सहा तासांना निम्मी होते आणि मात्रा अगदी कमी असते, त्यामुळे घरी लहान मूल आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. ऑपरेशनमध्ये सर्जन किरणोत्सार मोजणारा हातातला प्रोब काखेवरून फिरवतो आणि आवाज वाढेल तिथेच छेद घेतो. सर्वाधिक आकडा देणारी गाठ काढायची, मग तिच्या दहा टक्क्यांहून जास्त आकडा देणाऱ्या गाठी काढायच्या, आणि काखेतला आवाज त्याखाली गेला की थांबायचं. थांबायचं कुठे हे आकड्यानेच ठरतं, म्हणून आम्हाला ही पद्धत आवडते. अडचण एवढीच की न्यूक्लिअर मेडिसिन विभाग मोठ्या शहरांबाहेर सहसा नसतो.

आयसीजी या हिरव्या औषधाला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. पडद्यावर कातडीखालून काखेकडे निघालेली चमकती रेघ सरकताना दिसते, आणि नवख्या सर्जनलाही दिशा कळते. किरणोत्सारी काही नाही, गाठ सापडण्याचं प्रमाण उत्तम. पण जाड चरबीखालची गाठ वरून दिसत नाही, आणि घाईत लसवाहिनी कापली गेली तर औषध सांडून सगळी काखच चमकू लागते. औषधात आयोडाइड असतं, म्हणून आयोडीनच्या ॲलर्जीची चौकशी हवी. कॅमेऱ्याचा खर्च बिलात येतो. केवळ ‘नवीन तंत्रज्ञान’ म्हणून दुप्पट पैसे सांगत असतील, तर अनुभवी हातातलं निळं औषध आणि प्रोब हे जोडकाम त्याहून कमी नाही हे लक्षात असू द्या. दोन वेगळ्या पद्धती एकत्र वापरल्या की चूक कमी होते, आणि पैसे खर्च करायचे तर ते यावर करावेत.

यांपैकी काहीच नसलेल्या ठिकाणी काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने यावर मोलाचं काम केलं आहे. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी इंटरकोस्टोब्रेकियल ही चेता सीमा धरायची आणि तिच्याखालची चरबी गाठींसकट एकत्र काढायची. याला लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग म्हणतात. 2013 मध्ये त्यांनी ही पद्धत सेंटिनेलच्या तोडीची असल्याचं दाखवलं. ना औषध, ना प्रोब, ना कॅमेरा. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन होणार असेल आणि सर्जनला ही पद्धत येत असेल, तर थेट पूर्ण काख साफ करण्यापेक्षा ती कितीतरी बरी. मात्र हात लावल्यावर कडक किंवा मोठी वाटणारी गाठ कुठल्याही पद्धतीत काढायचीच, निळी असो वा नसो.

सगळ्यांनाच सेंटिनेल तरी लागते का? 2023 मध्ये आलेल्या साउंड चाचणीत स्तनात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या स्त्रियांच्या काखेला हातच न लावता तितकेच चांगले निकाल मिळाले. 2024 च्या इन्सेमा चाचणीनेही तेच दाखवलं. म्हणून पाळी गेलेली, पन्नाशी ओलांडलेली स्त्री, स्तनातली गाठ छोटी, आजार हॉर्मोनवर वाढणारा (हॉर्मोन पॉझिटिव्ह) आणि हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला (हर-टू निगेटिव्ह), स्तन वाचवून रेडिएशन ठरलेलं आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ, असं असेल तर ‘सेंटिनेल टाळता येईल का?’ हे जरूर विचारा. सोनोग्राफी मात्र स्तनाचं काम नेहमी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टची हवी. संशयास्पद गाठ दिसली तर सुईने तपासणी आधीच झाली पाहिजे.

गाठीत काही सापडलं तर

चांगलं रुग्णालय इथे ओळखू येतं. ऑपरेशन चालू असताना गाठ फ्रोझनला, म्हणजे गोठवून लगेच करायच्या तपासणीला, पाठवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात तोंडी उत्तर येतं. ‘पॉझिटिव्ह’ आलं की काख साफ, हा जुना रिवाज अजून अनेक ठिकाणी डोळे मिटून पाळला जातो. 2017 मध्ये झेड-००११ चाचणीचे दहा वर्षांचे निकाल आले: स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या, एक किंवा दोन सेंटिनेल पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रियांत काख साफ न करता 86.3 टक्के हयात होत्या, साफ केलेल्यांत 83.6 टक्के. म्हणजे साफ करून काही पदरात पडलं नाही. स्तन पूर्ण काढलेल्या अनेक स्त्रियांचा समावेश असलेल्या सेनोमॅक या 2024 च्या चाचणीनेही हेच सांगितलं. तिथे बहुतेकींना रेडिएशन दिलं होतं. ॲमारोस चाचणीत काख साफ करण्याऐवजी तिथे रेडिएशन दिलं, तर पाच वर्षांनी हात सुजलेल्या स्त्रिया 23 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आल्या, आणि आजारावरचा ताबा तितकाच राहिला.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी एक प्रश्न विचाराच: ‘एक-दोन गाठी पॉझिटिव्ह आल्या, तर तुम्ही काय करणार?’ ज्या टीमचा रेडिएशनचा डॉक्टर आधीच चर्चेत आहे, ती याचं स्पष्ट उत्तर देते. ‘बघू, आत गेल्यावर ठरवू’ हे उत्तर आम्हाला पटत नाही.

किमो आधी देणार असतील तर आणखी एक गोष्ट हवी. सुईने सिद्ध झालेल्या गाठीत किमो सुरू होण्यापूर्वी धातूची बारीक क्लिप बसवावी. किमोने गाठ विरून गेली की नंतर ती शोधणं अवघड. झेड-१०७१ चाचणीत किमोनंतरच्या सेंटिनेलमध्ये 12.6 टक्के वेळा आजार निसटला. तीन किंवा जास्त सेंटिनेल काढल्यावर हे प्रमाण 9.1 टक्क्यांवर आलं. क्लिपवाली गाठ नक्की काढली तर चूक आणखी कमी होते. काढलेल्या गाठीचा ऑपरेशनमध्येच एक्स-रे काढून क्लिप आत आहे याची खात्री करतात. क्लिप बसवणं काही मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्यासाठी पुढे आख्खी काख जाऊ देणं फार वाईट.

पूर्ण साफ करावीच लागली तर

गाठी बऱ्याच असतील, एकमेकींना चिकटल्या असतील किंवा किमोनंतरही उरल्या असतील, तर क्लिअरन्सला, म्हणजे पूर्ण काख साफ करण्याला, पर्याय नसतो आणि तेव्हा ते नीटच व्हायला हवं. पहिली आणि दुसरी पातळी काढतात. तिसरी फक्त तिथे आजार दिसला तर. ऑपरेशनच्या नोंदीत तीन नावं शोधा. लाँग थोरॅसिक चेता दुखावली तर पाठीचं फऱ्याचं हाड पंखासारखं बाहेर येतं. थोरॅकोडॉर्सल दुखावली तर हात खाली-मागे ओढायची ताकद घटते. इंटरकोस्टोब्रेकियल कापली तर दंडाची आतली बाजू बधिर होते. ती नेहमी वाचवता येत नाही, पण प्रयत्न झाला का हे नोंदीत असावं.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पाच मिनिटं खर्च करा. एकूण किती गाठी सापडल्या, त्यांतल्या किती बाधित, सगळ्यात मोठा बाधित भाग किती मिलिमीटर, आणि आजार गाठीचं आवरण फोडून बाहेर गेला का, हे चारही हवेत. 0.2 मिलिमीटरपर्यंतच्या सुट्या पेशींना बाधित गाठ म्हणून मोजत नाहीत, 0.2 ते 2 मिलिमीटर म्हणजे सूक्ष्म, त्यापुढे मोठा. एक ते तीन बाधित गाठींचा टप्पा वेगळा, चार ते नऊचा वेगळा, दहापासून पुढचा वेगळा. पूर्ण क्लिअरन्समध्ये साधारण दहा तरी गाठी अपेक्षित असतात. किमोनंतर कमी सापडू शकतात. ‘लिम्फ नोड्स: पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवून पूर्ण करून घ्यावा. त्यावरच पुढचं रेडिएशन आणि औषध ठरतं.

ड्रेन हा क्लिअरन्सनंतरचा रोजचा सोबती. डिस्चार्जच्या वेळी नर्सने तुमच्याकडून एकदा तरी डबा रिकामा करून घेतला पाहिजे. नळीची चिमटी बंद करायची, झाकण उघडून मापात ओतायचं, डबा दाबून हवा काढायची, दाबलेला असतानाच झाकण लावायचं आणि शेवटी चिमटी उघडायची. शेवटची पायरी विसरली की पाणी काखेतच साठतं. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. 24 तासांत सुमारे 30 मिलिलिटरच्या खाली, असं सलग दोन दिवस आलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. त्यानंतर काखेत पाण्याची पिशवी झालीच तर ती सुईने काढता येते, आणि त्याची भीती बाळगू नये.

खांदा, हात आणि स्लीव्ह

फिजिओथेरपिस्ट ऑपरेशनच्या आधी भेटला पाहिजे. अनेक ठिकाणी सेवा इथेच तोकडी पडते. दोन्ही हातांचे घेर ठरावीक अंतरांवर मोजून लिहून ठेवले नसतील, तर सहा महिन्यांनी सूज आली की नाही हे ठरवायचं कशावरून? ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच, मग हळूहळू पूर्ण वर. काही आठवड्यांत काखेतून कोपराकडे ताठ दोरी ओढल्यासारखी वाटते आणि हात वर जाईनासा होतो. ही चिकटलेल्या लसवाहिन्यांची दोरी असते, ताणाच्या व्यायामाने सुटते. घाबरून हात पोटाशी धरून ठेवला तर खांदा आखडतो.

हात कायमचा सुजण्याचं प्रमाण पूर्ण क्लिअरन्सनंतर साधारण पाचात एक, नुसत्या सेंटिनेलनंतर वीसात एक. काखेत रेडिएशन आणि जास्त वजन यांनी ते वाढतं. त्या हातावर बीपी मोजणं, रक्त काढणं किंवा विमानप्रवास यांनी सूज येते असा ठोस पुरावा मात्र मिळालेला नाही. शक्यतो दुसरा हात द्यावा, पण अडचणीत तो हात दिला म्हणून रात्र जागून काढू नये. रोजच्या बांगड्या संध्याकाळी मनगटावर रुतायला लागल्या, अंगठी अडकली, ब्लाउजची एकच बाही घट्ट झाली, की मोजमाप करून घ्या. दोन सेंटिमीटरचा फरक पुरे.

स्लीव्ह घेताना मेडिकलच्या दुकानातली एस-एम-एल पाहून उचललेली नळी आम्ही अजिबात सुचवणार नाही. सूज बरीच असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून काही आठवडे थरांचं बँडेज बांधून ती उतरवायची, आणि मग उतरलेल्या हाताचं, सकाळी, माप द्यायचं. सुजलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह महिन्याभरात ढिली पडते. सौम्य सुजेला पहिल्या वर्गाचा दाब चालतो, जास्त सुजेला साधारण 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याचा दुसरा वर्ग लागतो. गोल विणीची बिनशिवणीची स्लीव्ह पातळ, कपड्यांखाली दिसत नाही, पण हाताचा आकार वेडावाकडा असेल तर कोपरात वळकटी पाडते आणि तिथे दोरी बांधल्यासारखा दाब येतो. अशा हाताला सपाट विणीची, शिवण असलेली जाड स्लीव्हच हवी. मापाने शिवून घ्यावी लागते आणि महाग पडते, पण काम करते. पंजा सुजत असेल तर हातमोज्याचा भागही घ्यावा, नाहीतर वरचं पाणी बोटांत उतरतं. दंडावरच्या सिलिकॉन पट्टीने कोकणातल्या दमट हवेत पुरळ येतं. तिथे खांद्यावरून पट्टा असलेला प्रकार बघा.

चढवताना बांगड्या-अंगठ्या काढा, रबरी हातमोजे घाला आणि मनगटापासून थोडी थोडी वर सरकवा, वरच्या काठाला धरून ओढू नका. सकाळी घालायची, झोपताना काढायची. दोन घ्याव्यात, एक धुवायला एक घालायला. सौम्य साबण, सावलीत वाळवणं, आणि साधारण सहा महिन्यांनी नवीन; दिसायला चांगली असली तरी ताण गेलेला असतो. पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, त्यामुळे त्या मागू नयेत. हात लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप आला तर स्लीव्ह काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. अँटिबायोटिकला एक दिवसही उशीर नको.